डुकरांचा खोकला आणि ‘जालीम’ इंजेक्शन

डॉक्टरसाहेब, नमस्कार. हातकणंगले तालुक्यात आमचं छोटं वराहपालन आहे. ८ माद्या, १ नर आणि लहानमोठी मिळून ६४ पिल्लं. मालक एमआयडीसीत कामाला जातात, शेड मी आणि सासूबाई बघतो. बेंदराच्या सुमारास बाजारातून १२ पिल्लं आणली आणि आमच्यातच सोडली. गणपतीपासून खोकला सुरू झाला. कोरडा, ठसका लागल्यासारखा. खातात, पण अंग धरत नाहीत. दिवाळीनंतर थंडी वाढली म्हणून शेडला चारी बाजूंनी ताडपत्री बांधली. मागच्या आठवड्यात चार महिन्यांची दोन पिल्लं एका रात्रीत मेली. संध्याकाळी चांगली होती. एकाच्या नाकातून लालसर फेस आला होता. आता आणखी तीन बसून आहेत, पोट उडतंय. मेडिकलमधून पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन आणून तीन दिवस केलं. खाद्यातून टेट्रासायक्लिनची पावडरही घालते. काही फरक नाही. सगळ्यात जालीम इंजेक्शन कोणतं ते सांगा. आमच्या लहान मुलांना यातून काही होतं का? का सगळी विकून मोकळं व्हावं?
— एक भगिनी, हातकणंगले तालुका

ताई,

तीन जनावरं बसून आहेत हे वाचल्यावर त्याच दिवशी तुम्हाला फोन केला आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायला सांगितलं. फोनवर घाईत जे सांगितलं ते इथं सविस्तर लिहितो. थंडी सुरू झाली की असा खोकला मला दरवर्षी बऱ्याच शेडवर ऐकू येतो आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तुमचाच असतो: जालीम इंजेक्शन कोणतं?

तसं इंजेक्शन नसतं. औषध त्या जंतूला लागू पडतं किंवा पडत नाही, एवढंच. तुमच्या शेडमध्ये तर माझ्या अंदाजानं एकावर एक असे दोन आजार बसले आहेत. म्हणूनच एका औषधानं काही हाललं नाही.

पहिला आजार गणपतीतला. बेंदराला पिल्लं आली आणि खोकला सुरू व्हायला गणपती उजाडले. एवढा सावकाश, कोरडा, खाणंपिणं चालू ठेवून वजन खाणारा खोकला बहुतेक वेळा मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनिए या जंतूचा असतो. श्वासनळीच्या आतल्या बाजूला बारीक केसांसारखी रोमकं असतात. आत गेलेली धूळ आणि जंतू ती सतत वर ढकलत असतात. हा जंतू नेमका तिथंच चिकटतो आणि ती रोमकं झडून जातात. एकट्या मायकोप्लाझ्मानं डुकरं फारशी मरत नाहीत, पण मागून येणाऱ्यांना दार उघडं राहतं. आता तुमच्या इंजेक्शनचं बघा. पेनिसिलिन जंतूच्या बाहेरच्या भिंतीवर काम करतं आणि मायकोप्लाझ्माला ती भिंतच नसते. तीन दिवस काय, तीन महिने टोचलं असतं तरी खोकला थांबला नसता.

दुसरा आजार मागच्या आठवड्यातला. संध्याकाळी चांगलं असलेलं जनावर सकाळी मेलेलं, नाकाला रक्ताळलेला फेस, बाकीची कुत्र्यासारखी पुढचे पाय ताठ ठेवून बसतात आणि तोंड उघडं टाकून श्वास घेतात, कान आणि नाकपुडी निळसर पडते. हे चित्र ॲक्टिनोबॅसिलस प्लुरोन्यूमोनिए या जंतूचं असू शकतं. त्याचं विष फुप्फुसाच्या पेशी आणि रक्तवाहिन्या फोडतं, म्हणून एवढा झपाटा. जगलेल्या डुकरांच्या टॉन्सिलमध्ये तो दडून राहतो. दिसायला धडधाकट आणि आतून वाहक, असं जनावर बाजारातून घरात येतं.

पण पत्रावरून मी ठामपणे एवढंच म्हणू शकतो की असं असू शकतं. पाश्चुरेला मल्टोसिडा हाही एक संशयित आहे. म्हशींना पावसाळ्याआधी घटसर्पाची लस टोचतात ना, त्याच कुळातला हा जंतू. मायकोप्लाझ्माच्या मागून तो आला की खोकला ओला, कफाचा होतो. पिल्लांचे सांधे सुजलेत, ताप आहे, उठवत नाही, तर ग्लेसरेला पॅरासुइस हा जंतू बघावा लागतो. नाक वाकडं होतंय, शिंका येतायत, डोळ्यांखाली काळे ओघळ आहेत, तर तो नाकाचा वेगळा आजार. आणि जंतूंच्या आधी पीआरआरएस (डुकरांच्या गर्भाचा आणि श्वासाचा आजार), सर्कोव्हायरस किंवा फ्लूच्या विषाणूनं वाट मोकळी केलेली असू शकते. मोकळ्या मातीत उकरणाऱ्या डुकरांत खोकल्याचं कारण कधीकधी जंतही असतात. गोल जंतांच्या अळ्या फुप्फुसातून प्रवास करतात, यकृतावर दुधाळ पांढरे डाग सोडतात. फुप्फुसातला जंत तर गांडुळातून येतो. शेवटचं जंतनाशक कधी दिलं, ते तुमच्या पत्रात नाही. वहीत बघून ठेवा.

म्हणून म्हणतो, उघडून बघितल्याशिवाय खरं कळत नाही.

मात्र त्याआधी एक अट आहे आणि तिच्यात तडजोड करू नका. मेलेलं डुक्कर घरी, कोयत्यानं, अंगणात फाडायचं नाही. लहानमोठी सगळ्या वयाची जनावरं पटापट मरतायत, कातडीवर लालजांभळे चट्टे आहेत, गुदद्वारातून किंवा इतर छिद्रांतून रक्त येतंय, गळा सुजलाय, यातलं काहीही असेल तर हातही न लावता आधी पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा. स्वाइन फिव्हर आणि फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, यांची शंका असताना शव उघडलं तर रोग चारी दिशांना पसरतो. आफ्रिकन स्वाइन फिव्हर भारतात पहिल्यांदा २०२० साली आसाम आणि अरुणाचलात सापडला. त्यावर औषध नाही. अशा रोगांची खबर देणं जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबद्दलच्या २००९ च्या कायद्यानं मालकावर बंधनकारक आहे. तुमच्याकडे खोकला महिनोन्‌महिने आहे, मेली ती एकाच वयाची, म्हणून मी फुप्फुसाच्या जंतूंकडे झुकतोय. तरी शव उघडायचं की नाही हे जागेवर बघणारे डॉक्टरच ठरवतील. शासकीय दवाखान्याचा फोन लागत नसेल तर १९६२ हा टोल फ्री नंबर आहे.

डॉक्टर शव उघडतील तेव्हा तुम्ही शेजारी उभ्या राहा आणि बघा. घाबरू नका, हे शिकण्यासारखं आहे. मायकोप्लाझ्माची खूण फुप्फुसाच्या पुढच्या, खालच्या टोकांना दिसते: दोन्ही बाजूंना, करडी-जांभळी, दाबली तर यकृतासारखी घट्ट. ॲक्टिनोबॅसिलस बहुधा मागच्या, वरच्या मोठ्या भागात बसतो. तिथं काळपट लाल, टणक गाठ होते, वर पिवळसर साय धरल्यासारखा थर येतो आणि फुप्फुस बरगड्यांना चिकटतं. त्या घट्ट भागाचा तुकडा पाण्यात टाकला तर बुडतो. निरोगी फुप्फुस हवेनं भरलेलं असतं, ते तरंगतं.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः एका शेडवर पेनिसिलिन देत राहिलो, मात्रा वाढवत राहिलो, मालकाचे पैसे घालवत राहिलो. शेवटी एक डुक्कर उघडलं आणि पुढची टोकं मटणाच्या गोळ्यासारखी हातात आली. त्या माणसानं मला एक शब्द बोलला नाही, ते मला आजही लागतं. तेव्हापासून फुप्फुस बघितल्याशिवाय मी कळपाला औषध लिहीत नाही.

नमुन्याचं सांगतो, कारण इथंच बहुतेक गाडं अडतं. प्रयोगशाळेला हवं असतं ते ताजं मेलेलं किंवा नुकतंच आजारी पडलेलं आणि अँटिबायोटिक न दिलेलं जनावर. तुम्ही पावडर सगळ्यांना घालताय, त्यामुळे अशी जनावरं आता तुमच्याकडे कमीच. म्हणून पावडर लगेच बंद करा आणि आतापर्यंत काय काय दिलं ते डॉक्टरांना लपवून न ठेवता सांगा. त्यांनी तुकडा घ्यावा तो चांगल्या आणि खराब भागाच्या सीमेवरचा. एक तुकडा निर्जंतुक डबीत, बर्फाच्या पिशव्यांसह थर्माकोलच्या पेटीत, पण गोठवायचा नाही. दुसरा एक सेंटिमीटरपेक्षा जाड नको, तो १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे. वाटेत शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नमुना डॉक्टरांच्या पत्रासह आणि २४ तासांच्या आत पोहोचला पाहिजे. मायकोप्लाझ्मा प्लेटवर वाढवणं फार कठीण असतं, त्यासाठी पीसीआर, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, मागायची. ॲक्टिनोबॅसिलस वाढवता येतो, पण साध्या माध्यमावर नाही. म्हणून कोणत्या जंतूची शंका आहे हे पत्रात लिहिलेलं असावं, नाहीतर काहीच उगवलं नाही असा रिपोर्ट येतो आणि आपण गाफील राहतो. जंतू मिळाला तर कोणतं औषध त्याला चालतं याची चाचणीही करून घ्या. तुमच्या ‘जालीम कोणतं’ या प्रश्नाचं खरं उत्तर त्या कागदावर येईल.

मरणाची वाट बघायचीही गरज नाही. विकलेली डुकरं जिथं कापली जातात तिथं विनंती करून त्यांची फुप्फुसं बघा, फोटो काढा. चांगल्या दिसणाऱ्या पाच-सहा डुकरांची फुप्फुसं तुमच्या शेडचा सगळा इतिहास सांगतात आणि त्याला एक रुपया लागत नाही.

रिपोर्ट येईपर्यंत बसलेल्या तिघांना थांबवून ठेवता येणार नाही, हे मलाही कळतं. डुकराच्या अंगाची उष्णता १०४ फॅरनहाइटच्या वर गेली की तो ताप. ॲक्टिनोबॅसिलसमध्ये १०६ पर्यंत चढतो. त्या कप्प्यातल्या प्रत्येकाला सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावा. आजारी जनावर खात नाही आणि पाणीही कमी पितं, त्यामुळे खाद्यातली पावडर नेमकी ज्याला हवी त्याच्याच पोटात जात नाही. अशा वेळी इंजेक्शनच लागतं, तेही पहिल्या काही तासांत, आणि बऱ्याचदा त्याच कप्प्यातल्या अजून चांगल्या दिसणाऱ्यांनाही. सेफ्टिओफर, फ्लॉरफेनिकॉल, टुलाथ्रोमायसिन यांपैकी कोणतं, किती दिवस, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. मेडिकलवाल्याला विचारून ठरवू नका.

मात्रा वजनावर असते आणि अंदाजानं वजन धरलं की ती हमखास कमी पडते. शिंप्याचा टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागं छातीचा घेर, आणि दोन कानांच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, दोन्ही इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, त्याला ८८० नं भागा, किलो येतात. घेर ३६ आणि लांबी ३६ असेल तर ५३ किलो. टोचायचं मानेत, कानाच्या मागं. मांडीत टोचून मांस खराब करू नका. आणि सुई बदला. एका सुईनं सगळा कप्पा टोचला तर आपणच रोग वाटत फिरतो.

औषधांबद्दल आणखी काही गोष्टी, मन लावून वाचा. पेनिसिलिन वाढत्या जंतूला मारतं आणि टेट्रासायक्लिन जंतूची वाढच थांबवतं. दोन्ही एकदम दिलीत तेव्हा ती एकमेकांच्या आड आली. शिवाय खाद्यात कॅल्शियम भरपूर असेल तर टेट्रासायक्लिन त्याला बांधलं जातं आणि अंगी लागत नाही. मायकोप्लाझ्मासाठी डॉक्टर टायम्युलिन लिहून देतील अशी शक्यता आहे. तसं झालं तर त्यांना आधी सांगा की खाद्यात पोल्ट्रीचं खाद्य मिसळता का. कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन अशी औषधं असतात आणि त्यांच्यासोबत टायम्युलिन गेलं तर डुकरं लुळी पडून मरतात. तुमच्या भागात पोल्ट्री एवढी आहे की उरलेलं खाद्य डुकरांना जातंच, म्हणून मुद्दाम लिहितोय. टिल्मिकोसिनचं इंजेक्शन डुकराला कधीच देऊ देऊ नका, जीव जातो. आणि कोणी कोलिस्टिन हे अँटिबायोटिक आणून दिलं तर परत करा. खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत त्याच्यावर २०१९ पासून देशात बंदी आहे.

आता ताडपत्री. ताई, तुम्ही ती मायेनं बांधली, थंडी लागू नये म्हणून. पण उद्या पहाटे शेडमध्ये जा आणि डुकराच्या नाकाच्या उंचीवर वाका. डोळे झोंबले, घशात आलं, तर ती हवा तुमची पिल्लं चोवीस तास घेतायत. लघवीतून निघणारा अमोनिया रोमकांना सुन्न करतो, मायकोप्लाझ्मानं जे सुरू केलं ते पुढं नेतो. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे पंचगंगेच्या काठानं धुकं उतरतं. बंद शेडमध्ये तोच ओलावा छताला लागून थेंब थेंब खाली पडतो. वारा डुकराच्या अंगावर नको आणि हवा त्याच्या डोक्यावरून वाहिली पाहिजे, एवढं सांभाळा. ताडपत्री खालून तीन-साडेतीन फुटांपर्यंतच ठेवा, वरचा भाग मोकळा सोडा. वाऱ्याच्या दिशेची बाजू रात्री थोडी जास्त झाका, दुपारी पूर्ण उघडा. ऊब खालून द्या, जमीन कोरडी ठेवून आणि पिल्लांना अंथरूण घालून. उसाचं पाचट चालेल, पण कोरडं, खडखडीत. बुरशी धरलेलं, काळं पडलेलं पाचट घातलं तर धुळीबरोबर बुरशी छातीत जाते. भरडा कोरडा घालता तेव्हा जी पांढरी धूळ उडते तीही खोकल्याला कारण होते. पाण्यात कालवून घाला. आणि जागा मोजा: वाढत्या डुकराला छताखाली निदान साडेनऊ-दहा चौरस फूट. कमी पडत असेल तर औषधावर खर्च करण्याआधी एक कप्पा वाढवा.

सगळ्यात अवघड भाग आता. तुमच्याकडे लहान, मध्यम, मोठी एकाच हवेत आहेत. मोठी खोकतात, लहानांना देतात, ती मोठी होतात आणि पुढच्यांना देतात. हे चक्र औषधानं तुटत नाही. ८ माद्यांवर ते तोडता येतं. चार माद्यांची पिल्लं एकाच दिवशी दुधावरून तोडा. पिल्लं तोडल्यानंतर मादी बहुतेक ४ ते ७ दिवसांत माजावर येते आणि गाभण राहिली की साधारण ११४ दिवसांनी विते. म्हणजे चारही जवळजवळ एकाच आठवड्यात वितात. अशा दोन तुकड्या करा. एका तुकडीची पिल्लं एका कप्प्यात जातील, एकत्र वाढतील आणि एकत्र विकली जातील. मागं राहिलेलं बारकं पिल्लू पुढच्या तुकडीत घालण्याचा मोह होतो. सासूबाईंना तर नक्कीच होईल. तेवढं टाळा. कप्पा रिकामा झाला की शेण खरवडा, धुण्याच्या सोड्यानं धुवा, वाळवा, जंतुनाशक मारा, पुन्हा वाळवा, चुना लावा आणि आठवडाभर रिकामा ठेवा. हे जंतू कोरड्या, उन्हानं तापलेल्या जागेत फार दिवस टिकत नाहीत.

बाजारातून आणलेलं जनावर यापुढे निदान ३० दिवस वेगळं, शेडपासून लांब. त्याचं काम शेवटी करायचं, चपला वेगळ्या. मायकोप्लाझ्माची लस असते. तिनं फुप्फुसाचं नुकसान कमी होतं, पण जंतू शिरणं थांबत नाही. निदान पक्कं झालं की डॉक्टरांशी तिच्याबद्दल बोला. क्लासिकल स्वाइन फिव्हरची (आफ्रिकन नव्हे) लस मात्र चुकवू नका. आणि हॉटेलचं उरलेलं अन्न घालत असाल तर ढवळत ३० मिनिटं उकळूनच.

मुलांचं विचारलंत. मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनिए आणि ॲक्टिनोबॅसिलस हे डुकरांचे जंतू आहेत, ते माणसाला आजारी पाडत नाहीत. पण डुकराच्या नाकात-घशात राहणारा स्ट्रेप्टोकॉकस सुइस हातावरच्या जखमेतून माणसात जाऊ शकतो. त्यातून मेंदूज्वर होतो, बरं झालं तरी बहिरेपण राहू शकतं. फ्लू तर आपल्याकडून त्यांना आणि त्यांच्याकडून आपल्याला, दोन्हीकडे जातो. मुलांना आजारी कप्प्याकडे जाऊ देऊ नका, तुम्ही आणि सासूबाईंनी हातमोजे घाला, चीर पडली असेल तर त्या दिवशी दुसऱ्याला काम करू द्या. कुणाला ताप, मान आखडणं, ऐकू कमी येणं असं काही झालं तर डॉक्टरांना डुकरं पाळतो हे आधी सांगा.

सगळी विकू नका. खोकणारी डुकरं बाजारात नेली तर तुमच्यासारख्याच दुसऱ्या कुणाच्या तरी बेंदराच्या १२ पिल्लांत ती जातील. इंजेक्शन दिलेलं जनावर औषधाच्या बाटलीवर लिहिलेला थांबण्याचा काळ संपल्याशिवाय कापायलाही देता येत नाही. मेलेली दोन कुठं टाकलीत ते लिहिलं नाही. ओढ्यात किंवा उसात टाकली असतील तर डॉक्टरांना सांगून, हातमोजे घालून उचला आणि विहिरीपासून लांब, सहा फूट खड्ड्यात चुना घालून पुरा.

उद्यापासून एक वही करा. रोज पहाटे एकाच वेळी कप्प्यात जाऊन सगळ्यांना उठवा, मिनिटभर थांबा, मग तीन मिनिटांत किती खोकले ऐकू येतात ते मोजून लिहा. ताडपत्री वर केल्याची तारीख, पावडर बंद केल्याची तारीख, इंजेक्शन दिलेल्यांच्या खुणा त्याच पानावर. औंधचा रिपोर्ट आला की त्याचा आणि त्या पानाचा फोटो मला पाठवा, तुमच्या डॉक्टरांना फोनवर घेऊन पुढचं औषध तिघं मिळून ठरवू.